सामान मालकाचे, मग गळती कोणाची?

"काम फक्त मजुरीवर दे. सामान आपलं आपण आणायचं." घराचे काम काढतोय असे नुसते बोलून दाखवा; शेजारी, सासरे, ऑफिसातला सहकारी, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांकडून हा एकच सल्ला मिळेल. ठेकेदार सामानात खातो, आणि सामान आपल्या ताब्यात राहिले की त्याचे खाणे बंद होते, असा त्यामागचा हिशेब. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला शंका आहे. आणि या सल्ल्यावरून लोक जे करतात ते तर मला सरळ उलटे वाटते.

लोक सिमेंट, वाळू, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचे केमिकल हे सगळे स्वतः धावपळ करून आणतात. कारण काय, तर 'भिंतीत काय गेलं ते आपल्याला कुठे दिसतंय?' मग टाइल्स आणि नळ घ्यायची वेळ येईपर्यंत दमून जातात आणि ठेकेदार नेईल त्या शोरूममध्ये मान डोलावून येतात. माझे म्हणणे असे की जे रोज डोळ्यांसमोर राहणार आहे ते मालकाने निवडावे आणि विकत घ्यावे. जे भिंतीत आणि फरशीखाली गाडले जाणार आहे ते ठेकेदाराला आणू द्यावे, लेखी बोलीवर. आणि त्या आणण्याचे पैसे त्याला उघडपणे मोजावेत.

हे सांगितले की बहुतेकांना मी कुठल्या तरी ठेकेदाराचा मेहुणा वाटतो. तसे काही नाही.

सामान स्वतः आणायची ही सवय जुनी आहे आणि एके काळी तिला चांगले कारण होते. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तेव्हा ते परमिटवर मिळे. परमिटासाठी खेटे घालायचे, गोणी ताब्यात घ्यायच्या आणि त्या राखत बसायचे, ही कामे दुसऱ्यावर सोपवण्यासारखी नव्हतीच. आज विशी-तिशीत असलेल्यांना हे खरे वाटणार नाही, पण या राज्यात सिमेंटच्या वाटपावरून मुख्यमंत्र्याचे पद गेले आहे. सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जोडला आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि मार्च १९८९ मध्ये पूर्ण. वस्तू दुर्मिळ असते तेव्हा ती ज्याच्या ताब्यात तो राजा. आपल्या वडिलांच्या पिढीने घरे बांधली ती या काळात, आणि त्यांचा सल्ला आपण अजून चालवतो आहोत. आज कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला तर तासाभरात टेम्पो दारात उभा राहतो.

सरकारही सामान स्वतः पुरवत असे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यातल्या निविदेत 'शेड्यूल ए' नावाची यादी असते. खाते ठेकेदाराला कोणते सामान कोणत्या दराने देणार ते त्यात लिहायचे. पण त्यासाठी खात्याकडे गोदाम होते, स्टोअरकीपर होता, नोंदवह्या होत्या, मोजमाप पुस्तक भरणारा कनिष्ठ अभियंता होता. किती गोणी दिल्या, किती कामात लागायला हव्या होत्या आणि किती उरायला हव्यात याचा ताळमेळ घालणारी एक अख्खी यंत्रणा मागे असे. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या मालकाकडे यातले काय आहे? एक वही आणि रविवार.

आता ठेकेदाराच्या खाण्याविषयी. रंगाच्या डब्यातल्या टोकनची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. डब्यात किंवा पुट्टीच्या गोणीत टोकन निघते, रंगारी ते दुकानात देऊन पैसे घेतो. आता अनेक ठिकाणी टोकनाच्या जागी क्यूआर कोड आला आहे. मोबाइलने स्कॅन केला की पॉइंट जमा. प्लायवुड, सुतारकामाचा गोंद, वायर, पाइप या सगळ्यांच्या बाजारात सुतार, वायरमन आणि प्लंबर यांच्यासाठी अशा योजना चालतात. त्यांचा खर्च अर्थातच मालाच्या किमतीत धरलेला असतो. गंमत अशी की डबा तुम्ही विकत आणला तरी तो फोडतो रंगारीच, आणि टोकनही त्याच्याच खिशात जाते.

दुकानाचेही तेच. हार्डवेअरच्या दुकानात पाऊल टाकले की गल्ल्यावरचा माणूस विचारतो, "कोणाकडून आलात?" हा प्रश्न आपुलकीने विचारलेला नसतो. तुम्ही सुताराचे नाव सांगता, ते कुठेतरी टिपले जाते आणि तुम्ही बिल चुकते करून गेल्यावर सुताराचा हिशेब होतो. तुम्ही मात्र घरी येऊन सांगता, की मधला दलाल काढून टाकला. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत लोहार चाळीत एकटे, कोणाचेही नाव न घेता गेलात तर दलाली वाचेल, पण ठेकेदाराचा भाव तुम्हाला मिळेलच असे नाही. वर्षभर माल उचलणारा आणि आयुष्यात एकदा येणारा यांना दुकानदार एकच भाव का लावील?

मालातली फसवणूक वेगळीच. १९ मिलिमीटर सांगून १८चे प्लाय, एक मिलिमीटरच्या जागी ०.८चे लॅमिनेट, आणि 'वॉटरप्रूफ' हा शब्द तर कशालाही. आयएस ३०३ या मानकात साध्या दमटपणाला टिकणारे एमआर प्लाय बसते आणि उकळत्या पाण्याला तोंड देणारे बीडब्ल्यूआरही बसते. दोघांवर आयएसआयचे चिन्ह असू शकते. सिंकच्या खाली लावायचे मरीन प्लाय हवे असेल तर मानक आयएस ७१० आहे. ठेकेदार यात हातचलाखी करू शकतो, कबूल. पण ८ बाय ४ची शीट दुकानात उभी असताना खिशातून कॅलिपर काढून जाडी मोजणारे आणि शिक्क्यावरचा क्रमांक वाचणारे मालक किती? ज्याला माल ओळखता येत नाही त्याला ठेकेदार फसवेल तसा दुकानदारही फसवेल. फरक एवढाच, की ठेकेदार निदान उद्या सकाळी पुन्हा घरी येणार असतो.

तरी ठेकेदार सामानात का खातो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. फरशीवाल्याचा भाव पाडताना "पलीकडच्या सोसायटीत तर फुटामागे पाच रुपये कमी घेतले" असे म्हणून आपण जो आनंद मिळवतो, त्याची वसुली कुठेतरी होणारच. माल किती लागेल ते काढायचे, दुकानांशी भाव बोलायचे, माल आला की मोजून घ्यायचा, लिफ्ट वापरायला सोसायटीची बंदी म्हणून हमाली देऊन चौथ्या मजल्यावर चढवायचा, कमी पडले तर पळायचे, उरले तर परत करायचे. हे सगळे काम आहे. ते कुणीतरी करते. आपण ते फुकटात धरतो आणि मग त्याची किंमत बिलातल्या फुगवट्यातून जाते. खरेदीची मेहनत म्हणून सामानाच्या रकमेवर ठरावीक टक्के देईन, पण प्रत्येक बिल मूळ भावाचे आणि माझ्या नावाचे हवे, असे ठेकेदाराला तोंडावर सांगणारे मालक फारच थोडे. दहा टक्के म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येतो. बिलात लपलेले वीस टक्के मात्र पचतात.

पण पैशाचा मुद्दा मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. खरा घोळ जबाबदारीचा आहे, आणि तो बाथरूममध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो.

सात बाय पाचचे बाथरूम घ्या. जमीन ३५ चौरस फूट. चार भिंतींची लांबी २४ फूट, सात फुटांपर्यंत टाइल लावायची म्हणजे १६८, त्यातून दाराचे साडेसतरा वजा. भिंती दीडशे, जमिनीसह सुमारे १८६ चौरस फूट. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल घेतली तर एका बॉक्समध्ये दोन, म्हणजे साडेपंधरा फूट. मालक मोबाइलवर भागाकार करतो, बरोबर १२ बॉक्स येतात, तो १२ आणतो. टाइल कापावी लागते, कोपऱ्यात तुकडा जातो, एखादी फुटते, नळाच्या भोकाशी तडकते, हे गवंडी जाणतो. त्याच्या हिशेबाने १४ बॉक्स लागतात. काम अडते. मालक पुन्हा दुकानात जातो तोवर तो लॉट संपलेला असतो, गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून आलेल्या नव्या लॉटची छटा किंचित पिवळी असते, आणि तीन मजूर दिवसभर बसून असतात. त्यांची त्या दिवसाची मजुरी कोण देणार, यावर जिन्यात भांडण होते.

हे झाले मोजणीचे. आता त्याहून वाईट. ही मोठी टाइल व्हिट्रिफाइड असते. पाणी जवळजवळ शोषतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. म्हणून तर तिच्यात डाग मुरत नाहीत. पण साध्या सिमेंटच्या मालाला पकड घ्यायला तिच्या पाठीत काही नसते. भिंतीवर ती लावायची तर टाइल ॲढेसिव्ह हवे, त्याचे वेगळे मानक आहे, आयएस १५४७७. मालकाने टाइल आणली, सोबत नेहमीचे सिमेंट आणले, ॲढेसिव्हची गोणी महाग म्हणून सोडली किंवा त्याला ते सुचलेच नाही. गवंड्याने सिमेंटच्या मालात टाइल बसवली, कारण सामान मालकाचे आणि त्याला मजुरी फुटावर. वर्षभराने टकटक केले की भिंत पोकळ वाजते. पुढे एक टाइल सुटून खाली येते.

दोष टाइलचा नाही, ती उत्तम आहे. सिमेंटचाही नाही. गवंडी म्हणतो, मला दिले ते लावले. दुकानदार म्हणतो, टाइलमध्ये खोट दाखवा. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर आहे आणि भिंत मात्र पोकळ आहे. घराच्या कामातले बहुतेक बिघाड असे सामान आणि हात यांच्या सांध्यात होतात. पाइपच्या जोडात, कोब्याच्या आणि भिंतीच्या कोनात, वायरच्या जाडीत आणि गीझरच्या भारात. सामान एकाचे आणि हात दुसऱ्याचे केले की हा सांधा बेवारस होतो.

लग्नाच्या जेवणात आपण हेच करतो की. आचारी यादी देतो, किराणा यजमान भरतो, आचाऱ्याला मजुरी. तिथे ते छान चालते, कारण यादी आचाऱ्याची असते आणि निकाल दुपारच्या पंगतीत लागतो. बाथरूमचा निकाल दुसऱ्या पावसाळ्यात लागतो, तोही आपल्या घरात नाही, खालच्यांच्या छतावर.

कायदा याबाबतीत मालकाच्या बाजूने उभा राहील अशी पुष्कळांची समजूत असते. १८७२च्या भारतीय करार कायद्यातले कलम ५४ वाचून पाहावे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या वचनांपैकी आधीचे पाळले गेले नाही तर नंतरचे मागता येत नाही, असे ते सांगते, आणि त्याखाली दिलेल्या उदाहरणांत चक्क बांधकाम आहे. एकाने ठरलेल्या रकमेत बांधकाम करून द्यायचे, दुसऱ्याने परांची आणि लाकूड पुरवायचे. दुसऱ्याने ते पुरवले नाही. कायदा म्हणतो, पहिल्याने काम करायची गरज नाही, आणि काम न झाल्याने त्याचे जे नुकसान झाले ते लाकूड न देणाऱ्याने भरून द्यावे. दीडशे वर्षांपूर्वीचे कलम, आणि वरच्या दोन बॉक्स टाइलचे भांडण त्यात जसेच्या तसे. मजुरीवर काम देणारा मालक वेळेची बाजू तिथेच गमावून बसतो.

मालाच्या दर्जाचे दुसरे कलम १९३०च्या माल विक्री कायद्यातले, सोळावे. ग्राहकाने आपली गरज सांगितली आणि दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे ही अट न लिहिताही लागू होते. पण ठराविक वस्तू तिच्या कंपनीच्या नावाने मागितली तर ही अट गळून पडते. म्हणजे "माझ्या गच्चीला तळे साचतं, काय वापरू?" असे विचारून माल घेणारा एका जागी आणि भावाच्या घरी वापरलेल्या केमिकलचे नाव चिठ्ठीवर लिहून मागणारा वेगळ्या जागी. आपण बहुतेक दुसरे असतो. चिठ्ठी खिशात असल्याने हुशारी वाटते, पण ती दाखवताना निवडीची जोखीमही आपण उचललेली असते.

ग्राहक संरक्षण कायद्यात, २०१९च्याही, घरबांधणी ही 'सेवा' आहे. सेवेत त्रुटी असेल तर दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण त्रुटी सेवेत होती हे दाखवावे लागते. ठेकेदाराचा वकील पहिला प्रश्न विचारणार, सामान कोणाचे? आणि तुमच्याकडे सामानाची बिले असतील तर उत्तर तुमच्याच फाइलमध्ये आहे. बिले नसतील तर आणखी बरे, त्याच्यासाठी. 'बिल नको, जीएसटी वाचेल' हा मोह इथे अंगाशी येतो. सिमेंटवरचा कर सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला, तरी हा मोह काही कमी झालेला दिसत नाही.

म्हणून गाडल्या जाणाऱ्या वस्तू ठेकेदाराच्या. पण मोकाट नव्हे. 'चांगल्या कंपनीचे सामान' हे करारातले सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. त्याऐवजी लिहायचे: दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर, आयएस ६९४ची. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, आयएस १५७७८चा. भिंतीच्या व्हिट्रिफाइड टाइलला ॲढेसिव्ह. सिमेंट तीन महिन्यांहून जुने नको. गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचायला अभियंता लागत नाही. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा आहे का आणि कोणाचा आहे ते समोर येते. हे सगळे कॉफीच्या एका कपात शिकता येते. दुकाने पालथी घालण्यात शनिवार-रविवार घालवण्यापेक्षा मालकाने आपला वेळ इथे घालवावा.

आणि तपासणीत. पाइप भिंतीत बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाले की फरशी बसवण्याआधी पाणी साठवून दोन-तीन दिवस ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. भिंत बंद करण्याआधी प्रत्येक पाइपचे आणि वायरचे फोटो, शेजारी टेप धरून. वॉटरप्रूफिंगच्या थरावर दोन दिवस पाणी उभे राहिले की केमिकल खरे की खोटे ते कळते, बिल न बघता. ठेकेदार यात नाके मुरडतो, कारण त्याचा दिवस जातो. तो दिवस करारात धरा.

मजुरीवर काम देण्याच्या बाजूने सर्वांत खणखणीत युक्तिवाद उचलीचा आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय माझे म्हणणे अपुरे राहील. सामानासकट काम दिले की ठेकेदार आधी मोठी रक्कम मागतो. छोट्या ठेकेदाराकडे स्वतःचे भांडवल नसते. तुमच्या उचलीतून तो आधीच्या घराचे राहिलेले काम उरकतो, आणि तुमचे काम पुढच्याच्या उचलीतून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. मध्येच एखादे गिऱ्हाईक पैसे थकवते आणि सगळी साखळी तुमच्या अर्ध्या फोडलेल्या स्वयंपाकघरात येऊन थांबते. ही भीती खरी आहे आणि ज्यांनी भोगली त्यांना मजुरीवरच काम द्यावेसे वाटले तर मी त्यांना हसणार नाही.

पण तिथे गल्लत ही होते की पैसे देणे आणि माल निवडणे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. ठेकेदाराने लेखी यादी करावी, कोणता माल, कोणता दर्जा, किती नग. मालकाने पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात भरावेत. बिल मालकाच्या नावाचे. माल साइटवर आला की ठेकेदाराने तपासून, मोजून सही करून ताब्यात घ्यावा. त्याच्या हातात उचल नाही, त्यामुळे ती दुसऱ्याच्या घरी जाण्याचा प्रश्न नाही. पण यादी त्याची आणि स्वीकार त्याचा, म्हणून 'मला दिले ते लावले' असे म्हणायला जागा नाही. त्याचे टक्के करारात लिहिलेले. कमी पडले तर तो त्याच्या हिशेबाचा दोष, बसून राहिलेल्या मजुरांचा खर्च त्याचा. शिवाय शेवटची काही रक्कम, पाच-दहा टक्के, एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची. सरकारी कामात सुरक्षा ठेव असतेच, घरच्या कामात ती मागायला लोक का लाजतात कोण जाणे.

टाइल, नळ, बेसिन, दिवे, लॅमिनेट, रंगाची छटा, हे मात्र बिनदिक्कत तुमचे. तिथे चूक झाली तर ती आवडीची चूक असते. संख्या तेवढी ठेकेदाराकडून लिहून घ्या, आणि टाइलचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका.

याला अपवाद आहेत. एक खोली रंगवायची, एक नळ बदलायचा, तिथे एवढा खटाटोप कशाला? घरात निवृत्त झालेले बांधकामवाले वडील असतील आणि साइटवर खुर्ची टाकून बसायला त्यांना आवडत असेल, तर सगळेच सामान स्वतः आणा; तुमच्याकडे खात्याचा कनिष्ठ अभियंता फुकटात आहे. पण हे वडील सगळ्यांकडे नसतात. सामान आणण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एक ठराविक मालक असतो: पुरुष, शहरातच राहणारा, दुचाकी असलेला, दुपारी मोकळा. एकटी राहणारी बाई हार्डवेअरच्या दुकानात गेली तर "साहेबांना पाठवा, मापं समजून घेतो" हे तिला ऐकावे लागते, मग ती स्वतः अभियंता का असेना. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून कोथरूडचा फ्लॅट दुरुस्त करणाऱ्या मुलाने सत्तरीच्या आईला वाळूचा ब्रास मोजायला उभे करायचे का? शंभर घनफुटांचा ब्रास ट्रकमध्ये खरोखर किती भरतो हे सांगणे अनुभवी माणसालाही जड जाते. या लोकांना मजुरीचा सल्ला देणे म्हणजे त्यांचे काम त्यांच्यावरच ढकलणे.

मालकाने शहाणे व्हावे, एवढ्याने हे भागणार नाही. नवा फ्लॅट घेतला तर रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १४ खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, कराराचा आदर्श मसुदाही असतो. तोच फ्लॅट वीस वर्षांनी आतून फोडून नवा केला तर अशी हमी नाही आणि मसुदाही नाही. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि काम मिळवून देण्यासाठी दलाली देऊ-घेऊ नये असे त्यांच्या १९८९च्या वर्तन नियमांत लिहिले आहे. इंटीरियर डिझायनर म्हणवून घ्यायला पाटी पुरते. ठेकेदाराला तीही लागत नाही. लाखो रुपयांची कामे व्हॉट्सॲपवरच्या 'ओके सर, उद्यापासून चालू' वर सुरू होतात.

नवा कायदा येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण सोसायट्यांच्या हातात आत्ताच एक चावी आहे. काम काढण्याआधी जवळजवळ प्रत्येक सोसायटी अर्ज मागते, अनामत घेते, राडारोडा कुठे टाकायचा आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोक करायची नाही ते सांगते. आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाचा असतो, पण ती गळती खालच्या सभासदाच्या छतावर उतरते आणि भांडण समितीच्या टेबलावर. म्हणजे सोसायटीचा यात थेट संबंध आहे. तिने त्या अर्जाला एक पान जोडावे. ठेकेदाराचे नाव आणि सही. बुजवले जाणारे सामान कोणी निवडले, कोणत्या मानकाचे. पाणी साठवून चाचणी कोणत्या तारखेला, खालच्या सभासदाने छत पाहिल्याची सही. राखून ठेवलेली रक्कम किती आणि कधीपर्यंत. हे पान भरल्याशिवाय परवानगी नाही आणि अनामत परत नाही.

सामान मालकाने आणले की ठेकेदाराने, हे सोसायटीने ठरवू नये. पण त्या पानावर 'निवड कोणाची' या रकान्यात कोणीतरी एकाने सही करायची म्हटले, की मालक आणि ठेकेदार दोघेही क्षणभर पेन हातात धरून एकमेकांकडे बघतील, आणि जे बोलणे काम बिघडल्यावर जिन्यात व्हायचे ते काम सुरू होण्याआधी होईल. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते. विषयपत्रिकेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा, नंतर कोणी थांबत नाही.